झाकणावरचं कुंकू
मिनेसोटातल्या कडाक्याच्या थंडीत घरामागे कमरेएवढा बर्फ साचला, फर्नेसचा बाहेरचा पाइप त्यात गाडला गेला आणि हीटिंग बंद पडलं. दिगंबरची आई गोधड्या गुंडाळूनही कुडकुडत होती. पाइपपर्यंत वाट काढायला बर्फ उडवणारं मशीन, स्नोब्लोअर हवा, पण तो सुरू व्हायचा आणि मिनिटभरात मान टाकायचा. “पेट्रोल नवं आहे, ऑइल चेंज केलंय, दसऱ्याला आईने पूजासुद्धा केलीय,” दिगंबर करवादला. त्या पूजेला नाक मुरडणाऱ्या लेकीने, रुहीने, पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून उजेडात धरलं. त्यातलं हवेचं बारीक भोक कुंकवाने बुजलं होतं; टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल इंजिनात उतरत नव्हतं. आता ही हसणार! दिगंबरने नजर चुकवली. रुहीने आजीच्या बांगडीतली सेफ्टी पिन आणून भोक मोकळं केलं. मशीन धडधडत पाइपपर्यंत पोचलं. घरात ऊब आल्यावर तिने पिन परत बांगडीत अडकवली. “आजी, नेक्स्ट दसऱ्याला कुंकू मी लावणार. हँडलला.”