पहिली दाढी

"उभा धरलास की चावणार तो. झोपव. गालावर झोपव त्याला," सासरे म्हणाले आणि जावयाने वस्तरा आणखी कलता केला.

खुर्चीत आज फुगा नव्हता. पोस्टमास्तर होते, खरेखुरे, गळ्याशी पांढरं कापड बांधून, मान मागे टाकून. इतके दिवस जावयाने फेस लावलेल्या फुग्यांच्या दाढ्या केल्या होत्या. सुरुवातीला इतके फुगे फुटले की शेजारच्या दुकानदाराने कुणाचा वाढदिवस आहे का म्हणून चौकशी केली. मग स्वतःची पोटरी झाली, स्वतःचा गाल झाला. आज पहिल्यांदा दुसऱ्याचा गळा समोर होता, आणि तो दुसरा डुलक्या घेत होता.

सासऱ्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. रक्ताचा एक थेंब दिसला तरी वस्तरा खाली ठेवायचा आणि दुसरं काम बघायचं. कारखाना बंद पडल्यापासून तो दुसरं कामच तर बघत होता. बायको पोटुशी, आणि राहायला सासुरवाडी. घरजावयाचा मान ताटावर बसेपर्यंतच. घरी "जावईबापू, बसा" म्हणणारे सासरे दुकानाची पायरी चढले की "ए, कोपर खाली घे" म्हणायचे.

आणि ती नजर! आरशाशेजारी उभं राहून सासरे त्याच्याकडे टक लावून बघायचे. कंगवा जागेवरून बोटभर सरकला तरी खेकसायचे. गिऱ्हाईक दारात नुसतं खाकरलं की मान न वळवता त्याला नावानिशी हाक मारायचे. यांना पाठीलाही डोळे आहेत, असं पोस्टमास्तर नेहमी म्हणत. जावयाला त्या नजरेची इतकी धास्ती बसली होती की झोपेतही तो दचकून कोपर खाली घ्यायचा.

"बाबांनी आजवर कुणाला शिकवलं नाही," निघताना बायको म्हणाली होती. "माणूस ठेवा म्हटलं तरी अंगावर यायचे. तुम्हालाच कसं घेतलं, कोण जाणे. जपून करा हं."

म्हणून तो जपून करत होता. डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची. केसांच्या दिशेनेच जायचं. हात छोटा मारायचा, दाब द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरतं. आणि पातं बाजूला कधीच सरकवायचं नाही. बाजूला गेलं की कापलंच.

"डोळ्यांवर विसंबू नकोस, डोळे फसवतात," सासरे म्हणाले. "आवाज ऐक. खरखर एकसारखी आली पाहिजे. अडखळली की हात थांबव."

दोन्ही गाल निभावले. वरचा ओठही निभावला. जबड्याखाली कातडी सैल होती. तिथे ओल्या फेसावरून अंगठा निसटला आणि पातं केसभर बाजूला गेलं.

आवाज अडखळला नाही. पोस्टमास्तर हललेसुद्धा नाहीत. पण पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका उमटला आणि बघता बघता पसरला.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. तुरटीचा खडा फळीवर होता, पण फळीला टेकून सासरेच उभे होते, डोळे त्याच्यावर रोखून. तिकडे हात लांबवायची त्याची छाती झाली नाही. उरलेली दाढी त्याने कशी उरकली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"झालं?"

"झालं, बाबा."

सासरे आले. हात पाठीमागे बांधून वाकले. त्यांचं तोंड पोस्टमास्तरांच्या हनुवटीपासून वीतभरावर होतं. रक्ताचा ओघळ आता गळ्यावरून कापडात उतरला होता. जावयाने डोळे मिटून घेतले. बायकोला काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

"वा!" सासरे म्हणाले. "एक ओरखडा नाही. पोस्टमास्तर, बघा आरशात. जावई आहे आमचा."

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं. हनुवटीखाली बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं. बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी पुन्हा मिटलं.

"छान झाली," ते सावकाश म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून उठले.

जावयाला भरून आलं. गिऱ्हाइकासमोर आपली लाज राखली या माणसाने! वरून दगड, पण आतून असा. इतके दिवस उगाचच जीव मुठीत धरून राहिलो, असं वाटून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

मागे दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला.

"गेले? बस आता खुर्चीत," सासरे म्हणाले. "रीत आहे आपली. पहिली दाढी निभावली की शिकवणारा शिकणाऱ्याची करतो. माझ्या उस्तादांनी माझी केली होती. उद्यापासून ती शेजारची खुर्ची तुझी."

तो बसला. सासऱ्यांनी कापड बांधलं, ब्रशने फेस लावला. त्यांची बोटं त्याच्या कानावरून, गालावरून, जबड्यावरून हळूहळू फिरली, एखाद्या लेकराला कुरवाळावं तशी. त्याने निर्धास्तपणे मान मागे टाकली. वस्तरा गळ्याला लागला आणि खरखर सुरू झाली, अगदी एकसारखी.

अर्धवट मिटल्या डोळ्यांना कुणीतरी हलताना दिसलं. पोस्टमास्तर गेलेच नव्हते. हनुवटीला रुमाल दाबून, पाऊल न वाजवता ते पुढे आले आणि सासऱ्यांच्या अगदी समोर उभे राहिले. त्यांनी पंजा उचलला आणि सासऱ्यांच्या डोळ्यांपुढून हलवला. पुन्हा एकदा हलवला.

सासऱ्यांची पापणी लवली नाही. वस्तरा तेवढा कंठमण्यावर येऊन थांबला.

"कोण आहे?" पोस्टमास्तरांच्या तोंडाकडे टक लावून बघत त्यांनी विचारलं.