पंख्यातला कापूस

गावाहून एसटीत मांडीवर सांभाळून आणलेला कॉम्प्युटरचा डबा वेणूबाईंनी अकोटात मोईजच्या दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर ठेवला. पोरीचा अभ्यास अडला होता. बटण दाबलं की मशीन क्षणभर घुरघुरायचं आणि विझायचं. मोईजनं झाकण उघडलं आणि त्याला हसूच आलं. आतल्या पंख्यात कापूस गच्च बसला होता. “काकू, याच्यात जिनिंग उघडली का तुमी?” “भाव वाढाची वाट पायत कापूस घरात, कॉम्प्युटरपाशीच भरला होता, बाबू. पोरीच्या बापानं पार आढ्याले टेकवला. विकाच्या आंधीच ते गेले.” हसू गिळून मोईजनं चिमट्यानं काळवंडलेला गोळा ओढला अन् केरात टाकणार, तोच वेणूबाईंनी तळहात पुढं केला. “फेकू नोको. बाकी सारा विकला. त्यायच्या हातचा एवढाच उरला.” पंखा फिरला, दुकानातल्या मॉनिटरचा पडदा उजळला. वेणूबाईंनी वर पाहिलंच नाही. त्यांची बोटं कापसाची वात वळत होती.