नऊ वर्षांचा खंड

“पुन्हा,” नवरा म्हणाला. “आणि या वेळी हाताचा चाळा नको.”

ती खोलीबाहेर गेली, दारावर टकटक केलं आणि परत आत आली. जेवणाच्या टेबलामागे तो अगदी साहेबी चेहरा करून बसला होता. समोर तिची प्रमाणपत्रं पसरलेली.

“बसा, मॅडम. गेली नऊ वर्षं काय करत होता?”

“सासरे अंथरुणाला खिळले होते. म्हणून आम्ही ठरवलं की...”

“आम्ही नाही. मी. ‘मी ठरवलं’ म्हण.”

“पण ठरवलं तर आपण दोघांनी होतं.”

“नोकरी तुला द्यायचीय त्यांना. आपल्याला नाही.”

तिला हसू आलं. तो हसला नाही. “पुन्हा,” म्हणाला.

लग्नाआधीपासून ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. विहिरीचं, टाकीचं, नळाचं, कुठलंही पाणी येवो, त्यात काय दडलंय ते शोधून काढण्यात तिचा हातखंडा होता. मग सासऱ्यांची एक बाजू लुळी पडली. तिने दोन महिन्यांची रजा टाकली. दोन महिन्यांची नऊ वर्षं कधी झाली, कळलंच नाही. भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. नऊ वर्षांत तिने म्हाताऱ्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. गेल्या वर्षी ते गेले, आणि दोघांचंच उरलेलं ते घर तिला खायला उठलं. दर दोन तासांनी ती उगाचच उठून आतल्या खोलीत जायची.

अशात एक दिवस नवऱ्याने जाहिरात आणून तिच्यापुढे ठेवली. प्रयोगशाळेतलीच जागा होती, पण तिचा भाऊ राहायचा त्या शहरात.

“आणि तू?” तिने विचारलं.

“माझं मी बघतो. आधी तू लाग.”

तेव्हापासून त्याने नुसता ध्यास घेतला. नवी पुस्तकं आणली. हल्ली तपासणीचे निकाल कॉम्प्युटरवर भरतात, तेही सगळं शिकवलं. गाडी चालवायला तिला कायम भीती वाटायची, तर रोज सकाळी तिला भर बाजारातून गाडी न्यायला लावायची आणि स्वतः मागच्या सीटवर बसायचं. शेजारी बसला की ती सारखं त्याच्या तोंडाकडे बघते म्हणून.

“असा नवरा कुठल्या दुकानात मिळतो गं?” वहिनी फोनवर म्हणाली. “आमचे हे माझ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी स्वतःचे मोजे शोधत बसले होते. तेही मीच शोधून दिले!”

ती खळखळून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मधली कितीतरी वर्षं नवरा घरी उशिरा यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आजारपणाने घराचं हसणं-बोलणंच गिळून टाकलं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आता तोच माणूस समोर बसून तिच्याशी तास तास बोलत होता. मुलाखत लवकर येऊच नये असं तिला वाटायला लागलं होतं.

पण ती आलीच. टेबलामागे तिघं होते. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद उलटसुलट केले.

“नऊ वर्षांचा खंड आहे. हात अजून चालतात का?”

“मी ठरवून घरी थांबले,” ती म्हणाली. “ एका माणसाला नऊ वर्षं जंतूंपासून जपलं. ते गेले, पण जंतूंनी नाही गेले.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि तिला आत लॅबमध्ये नेलं. तासाभराने ती बाहेर पडली तेव्हा बाईच दारापर्यंत आल्या. “एक तारखेला रुजू व्हा,” म्हणाल्या.

तो रस्त्यापलीकडे गाडीत वाट बघत होता. ती जवळजवळ पळतच गेली, दार उघडून शेजारी बसली आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो हमसाहमशी रडायला लागला. वडील गेले तेव्हाही त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

“अरे, वेडा आहेस का?” ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही रडू आवरेना. “तूच केलंस हे सगळं. मला ठाऊक आहे. हे बघ, सुरुवातीला मी दादाकडे राहीन. तोवर तू बदलीचा अर्ज टाक. मग दोन खोल्या बघू, जवळच कुठंतरी. आता आपलं सगळं नीट होणार बघ.”

त्याने बाहीने तोंड पुसलं. तिचा हात पाठीवरून हळूच काढून तिच्या मांडीवर ठेवला. मग समोरच्या काचेकडे बघत राहिला.

“बदली नाही मागणार मी.”

“मग?”

“एकीला मी पाच वर्षं थांबवून ठेवलंय,” तो म्हणाला. “आधी बाबा असेपर्यंत, आणि मग तू तुझ्या पायांवर उभी राहीपर्यंत.”