एकमत

कापूस वेचता वेचता आशाबाईंनी छातीला हात लावला आणि त्या सरीतच खाली बसल्या. मग आडव्या झाल्या. त्यांचा मुलगा शिवराज बांधावर मोबाईलवर बोलत उभा होता. धावत आला तोवर आईचं अंग घामानं थबथबलं होतं. ओठ काळेनिळे पडले होते.

त्यानं ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, यायला वेळ लागणार होता. आळीतल्या सगळ्या गाड्या सभेला संभाजीनगरला गेल्या होत्या. त्या त्यानंच पाठवल्या होत्या. मोटारसायकल होती, पण आईला धड बसवतही नव्हतं.

तेवढ्यात करमाडच्या बाजूनं धूळ उडवत एक जीप आली. वडापची, बिभीषणची. शिवराजनं ती ओळखली आणि वर केलेला हात तसाच खाली घेतला.

आरक्षणाच्या वादानं गाव उभं फाटलं होतं. शिवराजची आळी मराठ्यांची, बिभीषणची वस्ती धनगरांची. दोघं एका वर्गात शिकलेले, एका तालमीत मातीत लोळलेले. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की बिभीषणची मेंढरं खतासाठी शिवराजच्या रानात बसायची आणि आशाबाई त्यांच्यासाठी भाकरी-ठेचा घेऊन स्वतः जायच्या. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर शिवराजनंच मारुतीच्या पारावर माईक हातात घेतला होता. "त्यांच्या जीपमधी बसायचं नाय. त्यांची मेंढरं रानात घ्यायची नाय." दुसऱ्या दिवशी वस्तीनंही भंडारा उचलून शपथ घेतली. मराठ्यांच्या दुकानातून काडीपेटी आणायची नाही, त्यांच्या डेअरीला दूध घालायचं नाही, आणि जो घालील तो आपला नाही.

जीप पुढं गेली. थांबली. मग मागं आली.

बिभीषण उतरला. शिवराजकडं त्यानं पाहिलंही नाही. बाजार करून त्याची बायको सारजाबाई सोबत परतत होती. "तू काकूंचं डोकं धर," तो तिला म्हणाला आणि स्वतः पायाकडं गेला. शिवराज मधेच खांबासारखा उभा होता.

"सरक की! का आईपरीस त्यो मारुतीचा पार मोठा हाय तुला?"

शिवराज सरकला. मग त्यानंही हात लावला.

जीप शहराकडं सुटली. मागच्या बाकावर सारजाबाईनं आशाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती पदरानं वारा घालत होती. मधेच आशाबाईंनी डोळे उघडले.

"सारजा, औंदा मेंढरं आली नाय गं."

"येतील, काकू. तुम्ही बोलू नका."

शेंद्र्याजवळ झेंडे लावलेल्या चार-दोन गाड्या समोरून आल्या. शिवराज नकळत सीटवर खाली घसरला. बिभीषणनंही गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढला. धुळीमुळं असेल, असं शिवराजला वाटलं.

दवाखान्यात आशाबाईंना लगेच आत घेतलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वाचल्या," ते म्हणाले. "वेळेवर आणलंत म्हणून."

शिवराज भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडता रडताच त्याचं ठरलं. गावात गेल्या गेल्या पारावर जायचं, माईक हातात घ्यायचा आणि त्या दिवशी बोललो ते सगळं परत घ्यायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. त्याला एकदम हलकं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं.

फोन वाजला. आळीतले साहेबराव होते, आरक्षण समितीचे अध्यक्ष. "काकूंचं कळलं. नेलं कुणी रे त्यांना?"

शिवराजनं तोंड उघडलं.

"ॲम्ब्युलन्सनं," तो म्हणाला.

त्यानं फोन ठेवला. मग खाली गेला. लिंबाखाली जीप उभी होती. बिभीषण ओल्या फडक्यानं मागचं बाकडं पुसत होता. तुझं नाव मी घेतलं नाय, हे त्याला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, तेच शिवराजला सुचेना.

"बिभीषण, एक बोलायचं होतं..."

"आधी माझं ऐक." बिभीषणनं इकडं तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "आम्ही तुम्हाला आणलं हे कुणाला सांगू नको. पाया पडतो तुझ्या. वस्तीवर कळलं तर वाळीत टाकतील. प्रांजलीचं लगीन हाय माघात. माझ्या पोरीच्या मांडवात एक माणूस यायचं नाय."

शिवराजनं मोबाईल खिशात घातला.

"मी ॲम्ब्युलन्सच सांगितलंय," तो म्हणाला.

"बरं केलंस." बिभीषणचा चेहरा सैल पडला. "लई बरं केलंस."

शिवराजच्याही जिवावरचं ओझं उतरलं. पारावर जायचं त्यानं ठरवलं होतं, ते त्याच्या ओठांवर आलंच नाही. कुणाच्या घरी काय सांगायचं, ॲम्ब्युलन्स कुठून आली म्हणायची, बिभीषण दुपारभर कुठं होता म्हणायचं, हे दोघांनी उभ्या उभ्या जुळवून घेतलं. शब्दाला शब्द लागला. भांडण झाल्यापासून दोघं इतकं बोललेच नव्हते. सारजाबाई जीपमध्ये बसून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी आळीतली माणसं भेटायला आली. साहेबरावांनी शहाळी आणली होती. खाटेजवळ स्टूल ओढून ते म्हणाले, "काकू, ॲम्ब्युलन्स टायमाला आली म्हणून बरं. गाडीतली माणसं चांगली होती ना? नाय तर लई हेळसांड करतात."

आशाबाईंनी मान वळवून लेकाकडं पाहिलं. शिवराज खाली फरशीकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हळूहळू जमलेल्या सगळ्यांवरून फिरली. परत लेकावर आली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई भली माणसं होती. कुठल्या गावची होती, कुणास ठाऊक."