हिरवी खेळपट्टी

"आजपासून पाणी बंद. गवताचं पातं दिसता कामा नये. पहिल्याच दिवशी चेंडू हातभर वळला पाहिजे," कप्तानानं बजावलं. खेळपट्टी बनवणाऱ्या बाबांनी मान डोलावली. पण या कसोटीत त्यांचाच लेक पहिल्यांदा देशाकडून खेळणार होता, आणि तो होता वेगवान गोलंदाज. धुळीच्या खेळपट्टीवर त्याला कोण विचारणार? बाबांनी रोज पहाटे गुपचूप पाईप सोडला, गवतही राखलं. सामन्याच्या सकाळी कप्तानानं नुसते डोळे वटारले. आता इलाज नव्हता.

नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली आणि आपल्याला फलंदाजीला धाडलं. जेवणाच्या आत नऊ गडी तंबूत परतले. शेवटी लेक उतरला. पहिलाच चेंडू टप्पा पडून अंगावर उसळला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

बाबा धावत डॉक्टरांच्या खोलीत पोचले. बर्फात हात बुडवून बसलेला लेक त्यांना बघून कसंबसं हसला.

"काय खेळपट्टी केलीत, बाबा! हिच्यावर मला एक तरी ओव्हर टाकायला मिळायला हवी होती."