हनुवटीवरचे गोंदण

तारुण्य परत देणारा मुखवटा हौसाबाई रोज सकाळी चेहऱ्यावर चढवीत. परंतु तो बनविणारी कंपनी काल नव्या मालकाने विकत घेतली, आणि आज मुखवट्याने सुरकुत्यांसमवेत हनुवटीवरचे गोंदणही डाग समजून पुसून टाकले. तक्रार करताच कंपनीने निष्कलंक चेहऱ्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले.

त्यांचे पती गणपतराव यांची स्मृती क्षीण झाली होती. पत्नीला ते केवळ त्या हिरव्या ठिपक्यांवरून ओळखीत असत.

हौसाबाई चहा घेऊन शेजारी टेकल्या, तेव्हा ते संकोचाने सरकले.

"बाई, जरा लांब बसा. आमची मंडळी बघंल."

"बघू दे की! काय करंल ती?"

"तुम्हांला ठावं न्हाई. लई तापट हाय."

"मग द्या की सोडून तिला."

गणपतरावांनी कप खाली ठेवला. "उठा. तिच्या घरात बसून असलं बोलायचं न्हाई."

हौसाबाईंचे नेत्र भरून आले. त्या उठल्या आणि दारापाशी, परक्या स्त्रीच्या अदबीने बसल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "बसले बघा लांब. आता तुमच्या मंडळींचं आणखी सांगा."