हार घातलेला कॉम्प्युटर

निलेशने बटण सातव्यांदा दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म.

“च्यायला, काल तर झकास चालू झाला होता!” त्याने टेबलावर मूठ आपटली. वर घातलेला झेंडूचा हार घसरून खाली आला.

एकेक भाग आणून, व्हिडिओ बघून बघून पठ्ठ्याने हा डबा स्वतः जोडला होता. बायकोसाठी. प्रांजलच्या कंपनीने सांगून ठेवलं होतं, सोमवारी सकाळी नऊला ज्याचा घरचा कॉम्प्युटर सुरू दिसेल त्याने वर्षभर घरून काम करायचं. बाकीच्यांनी घाटकोपरच्या ऑफिसात यायचं, रोज. आणि आज रविवारचे चार वाजले होते.

प्रांजलला ऑफिसच हवं होतं. तसं ती म्हणालीही होती, “मला माणसांत बसून काम करायचंय रे.” त्यावर निलेशने मुलुंडच्या त्या दोन खोल्या डोक्यावर घेतल्या होत्या. “आईचे गुडघे गेलेत, तिच्याकडे कोण बघणार? ती नाही का राहिली घरी? विक्रोळीच्या कारखान्यात रेडिओ जोडायची, आजी आजारी पडल्यावर सोडलं. काही बिघडलं तिचं?”

त्याची आई, नलिनीबाई, तेव्हा तिथेच भेंडी चिरत होत्या. त्यांनी पुढची भेंडी उचलली. मग प्रांजलनेही विषय सोडला.

आता निलेशने भिंतीतल्या प्लगला इस्त्री लावून बघितली. इस्त्री चांगली तापली. म्हणजे प्लग ठीक होता.

“तापलीच आहे तर प्रांजलचा ड्रेस इस्त्री करून घेते,” नलिनीबाई म्हणाल्या.

“इथे माझी वाट लागलीय आणि तुला इस्त्री सुचतेय!”

त्याने सुटे भाग विकणाऱ्या केयूरला फोन लावला.

“मागचा स्विच चालू आहे?” केयूरने विचारलं.

“आहे!”

“रॅम काढून परत बसव.”

“तीनदा बसवली!”

“बटणाची बारीक वायर मदरबोर्डवर बसलीय ना?”

“बसलीय रे, घट्ट! डोळ्यांसमोर दिसतेय! भंगार माल विकतोस आणि वर मलाच शिकवतोस?”

“ओ भाई, आवाज खाली,” केयूरही तापला. “काल चालला ना? मग आज सकाळपासून काय केलंस ते आठव. नाहीतर मंगळवारी दुकानात घेऊन ये.” फोन कट.

निलेशने आठवलं. डब्याच्या कडेला कुंकू सांडलेलं होतं.

“आई!”

सकाळी नलिनीबाईंनीच हट्ट धरला होता. नवी वस्तू, हळदकुंकू तरी लावू दे. डब्याचं एका बाजूचं झाकण उघडंच होतं. निलेश नारळ आणायला खाली गेला, तेवढ्यात त्यांनी पूजा मांडली. हार लांब झाला म्हणून प्रांजलकडून कात्री मागून घेतली. निलेश आला तेव्हा उदबत्तीसुद्धा लागली होती.

“तुझी पूजा नडली! उघड्या मशीनवर कुंकू टाकतं का कुणी? गेलं सगळं आत! तीस वर्षं घरात बसून अक्कल गंजली तुझी!”

“निलेश!” प्रांजल ओरडली. आजवर ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. “आईंशी नीट बोल. लाज नाही वाटत?”

“तू मध्ये पडू नकोस!”

“पडणार!”

“असू दे गं,” नलिनीबाई खाली बघत म्हणाल्या. “माझंच चुकलं. मला काय कळतं त्यातलं?”

निलेशने खुर्चीला लाथ घातली. मग रात्रीपर्यंत दाढीच्या ब्रशने कुंकू झाडत बसला. कॉम्प्युटर काही चालू झाला नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला प्रांजल इस्त्रीचा ड्रेस घालून निघाली. निलेश भिंतीकडे तोंड करून पडला होता. उगाच, झोपल्यासारखा.

दारात ती सासूच्या पाया पडली. “माझ्यामुळे तुम्हाला नको नको ते ऐकावं लागलं, आई. इतका राग आलाय ना मला त्याचा!”

“पळ आता. बस चुकेल.”

नलिनीबाईंनी दार लावलं. देवासमोर बसून करंडा उघडला, आत ठेवलेला बारीक वायरीचा बोटभर तुकडा नखाने बाजूला सारला आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं.